सातशे अकरा फरशा

रात्री बारा वीसची शेवटची ट्राम गेली
की थांबा माझा.
बादली, कुंचा, दोन फडकी, एक ओलं एक कोरडं,
आणि समोर भिंत,
सातशे बारा फरशांची.

मोजल्यात मी.
पाटीवर लिहिलंय आठशे.
पाटी लिहिणाऱ्याला पुसावं लागत नाही.

भिंतीवर आमचं क्वेन्का आहे:
तोमेबाम्बा नदी, काठच्या गवतावर वाळत घातलेली धुणी,
निळे घुमट, गवती टोप्या विणणाऱ्या बाया,
आणि उजवीकडे खाली, गुडघ्याच्या उंचीवर,
एक हातगाडी. तिच्यामागे कुणी बाई
मक्याच्या वाफेत हसतेय.

सगळे म्हणतात, तार्खेलिया, ही तू.

असेन.
माझी गाडी इथेच होती, औषधांच्या दुकानासमोर,
एकोणीस वर्षं. उकडलेला मका, वर तिखट, द्रोणाला शीग.
मग रस्ता खणला.
म्हणाले, आठ महिने.
आठाचे अठरा झाले, अठराची चार वर्षं.
खड्ड्यात पाणी साचलं, पाण्यात बेडूक झाले,
बेडकांचा संसार वाढला,
गिऱ्हाईक काही फळीवरून येईना.
औषधवाला अनिबाल कुलूप घालून मुलीकडे गेला.
चाव्या करणारा सेगुंदो तर
न सांगताच गेला, झोपेत.
मी गाडी भंगारात घातली.
चाकं तेवढी ठेवलीत घरी. का, ते विचारू नका.

मग ट्राम आली. खोटं कशाला बोलू, देखणी आहे.
ओल्या फरशीवरून साबण सरकावा तशी येते.
आणि मला हे काम मिळालं,
पगार महिन्याच्या महिन्याला.

फक्त रोज त्या बाईचं तोंड पुसताना
काहीतरी खटकायचं,
दातात मक्याचं साल अडकावं तसं.
जूनमध्ये एकदा पुसता पुसता कळलं.
पळी तिच्या उजव्या हातात होती.
मी डावरी.

ऑगस्टात कुणीतरी सायकल आपटली, एक फरशी तडकली,
ती काढायला चित्रकर्ती स्वतः आली,
नूबे किश्पे. नूबे म्हणजे ढग.
ढग गुडघ्यांवर बसून छिन्नीने सिमेंट खरवडत होता.
मी बादली खाली ठेवली. म्हटलं, हात चुकलाय.
तिने आधी भिंतीकडे बघितलं,
मग माझ्या कुंच्याकडे, तो कुठल्या हातात आहे ते.
“भट्टीतून निघालेलं बदलता येत नाही हो,” म्हणाली,
“पण ही एक नवी करायचीच आहे. काय काढू?”

तडकलेली फरशी गाडीच्या चाकाखालची.
त्यात दगडी रस्ता होता,
एकेक दगड घासलेल्या पातेल्यासारखा.

मी म्हटलं, खड्डा कुठाय?
एवढ्या भिंतीत नदी आहे, घुमट आहेत,
शेपटी हलवणारं कुत्रंसुद्धा आहे.
चार वर्षं कुठे गेली?

ती काही बोलली नाही. हत्यारं आवरली.
मला वाटलं, रागावली.
घरी जाताना स्वतःलाच चार शब्द सुनावले:
तुला काय करायचं होतं, बये,
पुसायचं आणि गप बसायचं.

तीन आठवड्यांनी नवी फरशी बसली.
कोरी. रंग नाही, चकाकी नाही,
नुसती भाजलेली माती, कुंडीसारखी.
पडेल ते पिते:
पाऊस, कॉफी, पोरांचं आइसक्रीम, बुटांचा चिखल.
साहेब म्हणाले, हा डाग निघत नाही का?
म्हटलं, घासतेय.

सातशे अकरा पुसते मी.
उजव्या हाताची बाई लख्ख हसते.
तिच्या चाकाखाली परवापासून
बारीकसं शेवाळ धरलंय.
वाकून बघते रोज.
बेडूक अजून आलेला नाही.